गच्चीसाठी पेटीतला ठिबक संच: उन्हाळ्याआधी घ्यायचा असेल तर

जानेवारी संपत आला की पुण्यातल्या बागेच्या सामानाच्या दुकानांत ‘३० कुंड्यांचा ठिबक संच, टायमरसह’ अशा पेट्या दर्शनी भागात येतात. ऑनलाइन तर बारा महिने मिळतात. ब्रँड निरनिराळे, खोक्यावरची चित्रं निरनिराळी, आतला माल मात्र जवळपास सारखाच असतो: आतून चार मिमीची काळी नळी वीस ते तीस मीटर, फिरकीचे तीस ड्रिपर (कुंडीत हळूहळू पाणी सोडणाऱ्या तोट्या), तेवढेच टी (नळीला फाटा काढायचे जोड), कुंडीत रोवायचे खुंटे, नळाला बसवायचा अडॅप्टर आणि बॅटरीवर चालणारा टायमर. हे परीक्षण त्या पेटीचं, आणि तिच्यासोबत उन्हाळ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सावलीच्या हिरव्या जाळीचं आणि कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं.

निकाल आधीच सांगतो. पेटीतलं निम्मं सामान चांगलं आणि टिकाऊ आहे, पण गच्चीवर पेटी जशीच्या तशी जोडली तर ओळीच्या शेवटच्या कुंड्यांना पाणी पोचत नाही. मार्चमध्ये हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा अर्ध्या पाण्यावरही झाड तग धरतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच कुंड्या माना टाकतात आणि आपण खत बदलतो, औषध फवारतो. दोष झाडाचा नसतो. दोष असतो मुख्य नळीच्या जाडीचा आणि टाकीच्या उंचीचा. दोन्हींवर उपाय आहे आणि तो सोपा आहे, पण होळीच्या आत करायला हवा.

आधी दाबाचं बघू. या संचांवर बहुधा एक ते तीन बार दाब लिहिलेला असतो. आपल्याकडे महापालिकेचं पाणी सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून स्वतःच्या वजनाने घराघरांत उतरतं. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार. गच्चीवरच्या नळापासून टाकीचा तळ दीड-दोन मीटर उंच असतो, म्हणजे तिथे दाब मिळतो ०.१५ ते ०.२ बार. पेटीला हवा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाने. हीच पेटी सहा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लावली, तर वरच्या चार मजल्यांची उंची मिळून दाब एक बारच्या पुढे जातो आणि सगळं खोक्यावर लिहिल्याप्रमाणे चालतं. त्यामुळे ऑनलाइन एकाच संचाला एकजण पाच तारे देतो आणि दुसरा ‘पैसे पाण्यात’ असं लिहितो. दोघंही खरं बोलत असतात. एक गॅलरीतला, दुसरा गच्चीवरचा.

आता नळी. एक बारला ताशी चार लिटर देणारा साधा ड्रिपर गच्चीवर ०.१५ बारला ताशी दीड लिटरच्या आसपास पाणी देतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. तीस ड्रिपरांना ताशी ४५ लिटर लागतात. एवढं पाणी आतून चार मिमीच्या नळीतून ढकलायचं म्हटलं की घर्षणात दर मीटरला जवळपास अर्धा मीटर उंचीचा दाब खर्ची पडतो. हाताशी एकूण दीड मीटर, आणि पहिल्या तीन-चार मीटरमध्येच तो संपायला लागतो. साहजिकच पुढचे ड्रिपर थेंब थेंब गळतात आणि शेवटचे कोरडे राहतात. फिरक्या कितीही उघडल्या तरी उपयोग होत नाही. उलट पहिल्या कुंड्यांच्या फिरक्या उघडल्या तर शेवटच्यांचं उरलंसुरलं पाणीही जातं.

म्हणून मुख्य नळी १६ मिमीची घ्या. शेतीत जिला लॅटरल म्हणतात तीच. त्याच ४५ लिटरला तिच्यातला घर्षणाचा तोटा इतका किरकोळ असतो की पंधरा मीटरच्या ओळीत पहिल्या आणि शेवटच्या कुंडीत फरक दिसत नाही. पेटीतली बारीक नळी फक्त लॅटरलपासून कुंडीपर्यंत, एक-दीड फुटाच्या तुकड्यांत वापरायची. मार्केट यार्डाच्या परिसरातल्या शेतीच्या सामानाच्या दुकानांत लॅटरल मीटरवर मिळते आणि कनेक्टर, एल्बो, पंच हे सुटे मिळतात. दुकानदाराला ‘गच्चीसाठी हवं, टाकीच्या दाबावर चालवायचंय’ एवढं सांगितलं तरी तो नेमके भाग काढून देतो.

पंधरा मीटरच्या ओळीला लागणारं सुटं सामान फार नाही. नळाकडून अर्धा किंवा पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह, त्यापुढे १२० मेशचा छोटा जाळीचा फिल्टर, मग टायमर, टायमरवरून १६ मिमीवर उतरणारा कनेक्टर, कोपऱ्यांना एल्बो आणि शेवटी एंड कॅप. फिल्टर टायमरच्या आधी हवा, हा क्रम उलटा करू नका. वाळूचा एक कण टायमरच्या झडपेत अडकला तर ती पूर्ण मिटत नाही आणि रात्रभर ठिबकत राहते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच, सहा-सात वेढे.

जोडताना लॅटरलचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरायचं, मग कनेक्टर बिनत्रासाचा आत जातो. भोक पंचनेच पाडायचं. गॅसवर तापवलेल्या सुईने पाडलेलं भोक दिसायला गोल असतं, पण त्याची कड वितळून जाड-बारीक होते आणि तिथून आयुष्यभर पाणी झिरपतं. चुकीच्या जागी भोक पडलं तर त्यात डमी (भोक बुजवायची गुडदी) ठोकायची, चिकटपट्टी नाही. आणि लॅटरल ताणून बसवू नका. पहाटे आणि दुपारी यांत काळ्या नळीच्या तापमानात सहज तीस अंशांचा फरक पडतो आणि दहा मीटरची नळी तेवढ्यात पाच-सहा सेंटिमीटर लांबते, रात्री पुन्हा आखडते. ताणून बसवलेली नळी आखडताना एल्बोतून निसटते. मग पहाटे टायमर चालू होतो, गच्चीवर तळं साचतं आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते. थोडी नागमोडी, सैल ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

ड्रिपरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पेटीतले फिरकीचे ड्रिपर मुख्य ड्रिपर म्हणून वापरू नका. पूर्ण उघडले तर ते एक बारला ताशी चाळीस लिटरपर्यंत सोडतात, आपल्याला हवे असतात एक-दोन. म्हणजे फिरकी जेमतेम एक-दोन खाचा उघडी ठेवावी लागते. त्या केसाएवढ्या फटीत क्षार बसला की ती बंद होते. प्रत्येक फिरकी हाताने जुळवायची, आणि झाडाला पाणी घालताना किंवा कुंडी सरकवताना बोट लागलं की पुन्हा बिघडते. त्याऐवजी शेतीचे साधे ‘ऑनलाइन’ ड्रिपर (इंटरनेटवरचे नव्हे, नळीला बाहेरून जोडायचे) घ्या, ज्यांचं झाकण उघडून आतून साफ करता येतं. दोन लिटरचे आणि चार लिटरचे असे दोन प्रकार पुरतात. इथे दुकानात एक चूक हमखास होते. ‘भारीतले’ म्हणून दाब-नियंत्रित ड्रिपर पुढे केले जातात. ते खरोखर भारी आहेत, पण त्यांच्या आतली रबरी चकती नीट काम करायला साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो. गच्चीच्या दाबावर त्यातले काही वाहतात, काही नाही. खालच्या मजल्याच्या गॅलरीत ते जरूर लावा.

साध्या ड्रिपरांची वाटणी कुंडीच्या मापावर करायची. आठ इंची कुंडीला दोन लिटरचा एक, बारा इंचीला चार लिटरचा एक, पन्नास लिटरच्या अर्ध्या ड्रमला चार लिटरचे तीन. दीड मीटर उंचीच्या टाकीवर चाळीस मिनिटं चालवलं तर आठ इंचीला अर्धा लिटर, बारा इंचीला एक लिटर आणि ड्रमला तीन लिटर पाणी मिळतं. एप्रिलमधल्या पुण्याच्या उन्हात एका दिवसाची गरज साधारण एवढीच असते. दहा लहान, चौदा मध्यम कुंड्या आणि दोन ड्रम धरले तर तीस ड्रिपर होतात आणि एका वेळी पंचवीस लिटर पाणी लागतं. दोन बादल्यांहून थोडं जास्त. पाइपने पाणी घालताना एवढ्याच कुंड्यांना याच्या कितीतरी पट पाणी जातं आणि बरंचसं फरशीवरून वाहून जातं. खडकवासला साखळीतल्या धरणांचा साठा उतरला की पाणीकपात येते, आणि बाणेर-बालेवाडी, वाघोली, उंड्रीकडे टँकर सुरू होतात. अशा वेळी सोसायटीच्या सभेत बागेचा विषय निघालाच तर हा पंचवीस लिटरचा हिशेब पुढे ठेवता येतो.

जोडून झालं की एक चाचणी कराच. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अशा पाच-सहा कुंड्यांत ड्रिपरखाली सारखे पेले ठेवा, दहा मिनिटं चालवा आणि स्वयंपाकघरातल्या मापाने मोजा. चार लिटरच्या ड्रिपरखाली दहा मिनिटांत अडीचशे मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. पेल्यापेल्यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. शेवटचा पेला निम्माच भरत असेल तर कुठेतरी नळी पिळलेली आहे किंवा फिल्टर भरलाय. आणि सगळेच पेले कमी भरले तर टाकीतली पातळी बघा.

सोसायटीची टाकी वापरायची परवानगी नसेल किंवा तिचं पाणी बिनभरवशाचं असेल तर दोनशे लिटरचा स्वतंत्र ड्रम दीड मीटर उंच लोखंडी स्टँडवर ठेवायचा. भरलेल्या ड्रमचं वजन दोनशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे स्टँड स्लॅबच्या मधोमध नको, खाली कॉलम किंवा बीम येईल अशा ठिकाणी हवा. कठड्यावर किंवा कठड्याला टेकवून तर अजिबात नको. झाकण घट्ट असू द्या, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात. ड्रम भरलेला असतो तेव्हा पाण्याची पातळी आणखी नव्वद सेंटिमीटर वर असते. तो रिकामा होत आला की प्रवाह वीस टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे शक्य असेल तिथे फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी आत घेणारी तरंगत्या गोळ्याची झडप) बसवून पातळी कायम ठेवा. तो नसेल तर मे महिन्यात गावाला जाताना सकाळची चाळीस आणि संध्याकाळची वीस मिनिटं मिळून रोज ३७-३८ लिटर धरा. भरलेला ड्रम पाच दिवस पुरेल, आठवडाभर नाही.

पेटीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू टायमर, आणि तिथेच सर्वांत जास्त फसगत होते. टायमर दोन जातींचे. सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप उघडणारा टायमर आतला रबरी पडदा हलवायला पाण्याच्या दाबाचीच मदत घेतो. गच्चीच्या दाबावर तो एकतर उघडतच नाही किंवा उघडला की मिटत नाही. दुसऱ्या जातीत छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह फिरवते, त्याला किमान दाबाची अट नसते. खोक्यावर शून्य बारपासून चालतो असं लिहिलं असेल तरच गच्चीसाठी घ्या. ओळखायची सोपी खूण अशी: चालू होताना ‘टक्’ असा एकच आवाज आला तर सोलेनॉइड, तीन-चार सेकंद घर्रर्र असा आवाज आला तर मोटरचा. दुकानात बॅटरी घालून ऐकून बघा.

मोटरच्या टायमरचा एक दोष मात्र आहे. बॅटरी संपत आलेली असताना व्हॉल्व्ह उघडला गेला आणि मिटवण्याइतकी ताकद उरली नाही तर तो उघडाच राहतो आणि टाकी रिकामी होते. म्हणून फेब्रुवारीत नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला, भिंतीवरच्या घड्याळातून काढलेल्या नकोत. मेच्या सुरुवातीला पुन्हा बदला. टायमर थेट उन्हात असेल तर त्याचा पडदा काळपटतो आणि आकडे दिसेनासे होतात. वरून प्लॅस्टिकची बरणी उलटी घातली तरी भागतं.

वेळ कोणती ठेवायची? पहाटे साडेपाच. रात्रभरात गार झालेलं पाणी, वारा नाही, ऊन चढायच्या आत मुळांशी ओल पोचलेली. मेमध्ये संध्याकाळी सातनंतर आणखी वीस मिनिटं. दुपारी चारला चालवू नका. पंधरा मीटर १६ मिमी नळीत सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी भरलेलं असतं आणि उन्हात तापलेल्या काळ्या नळीतलं ते पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. ड्रिपर सुरू होताच तेच आधी मुळांवर जातं. बारा इंचीच्या कुंडीत थोडंफार निभावतं, आठ इंचीतल्या पुदिन्याचं होत नाही.

पुण्यात पाणी कुठलं यावर ड्रिपरचं आयुष्य ठरतं. धरणाचं पाणी सौम्य आहे. बोअरचं आणि टँकरचं पाणी बहुधा जड, कुंडीच्या कडेला पांढरी रेघ उमटवणारं. तीच रेघ ड्रिपरच्या आत बसते. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा ड्रिपर काढून, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी फुंकर मारून बघा. फिल्टर आठवड्याला धुवा. त्याच वेळी लॅटरलचा शेवट उघडून मिनिटभर पाणी सोडा, पहिल्या दहा सेकंदांत तपकिरी गाळ बाहेर येतो. जीवामृत, ताक, पेंडीचं पाणी यातलं काहीही ठिबकमधून सोडू नका, कितीही गाळलं तरी. ते हातानेच घालायचं.

पेटीतले खुंटे चांगले आहेत, ते ठेवाच. ते कुठे रोवायचे याला मात्र महत्त्व आहे. खोडाला चिकटून नाही, कुंडीच्या कडेलाही नाही, दोन्हींच्या मध्ये. खोडाशी सतत ओल राहिली तर बुंधा कुजतो. कडेला रोवला तर पाणी माती आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून थेट खाली जातं. कबुतरं खुंटे उपटतात, खारी आणि उंदीर नळी कुरतडतात, म्हणून खुंटा निम्म्याहून जास्त मातीत जाऊ द्या. रोज नाही तरी दोन दिवसांआड सगळ्या कुंड्यांवरून एक नजर फिरवावीच लागते. टायमर बसवला म्हणजे बागेकडे बघायला नको, असं होत नाही.

इथे कोकोपीटचा विषय येतो. पाच किलोची वीट वीस-पंचवीस लिटर पाण्यात फुगून पासष्ट ते पंचाहत्तर लिटर होते. वस्तू उपयोगाची, ओल धरणारी. पण नारळाच्या काथ्यात मीठ असतं, म्हणून वेष्टनावर ‘लो ईसी’ (कमी क्षार) किंवा धुतलेलं असं लिहिलेलीच वीट घ्या. नसेल तर फुगवल्यावर गोणपाटात भरून दोनदा भरपूर पाण्याने धुवा. न धुतलेल्यात पानांची टोकं करपतात आणि आपल्याला वाटतं ऊन लागलं. नुसत्या कोकोपीटात झाड लावू नका. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. हलक्या मिश्रणात ड्रिपरचं पाणी बाजूला पसरत नाही, सरळ खाली उतरतं, त्यामुळे मोठ्या कुंडीला एकच ड्रिपर पुरत नाही. वर ड्रमला तीन सांगितले ते याच कारणाने.

कोकोपीटवाली कुंडी एकदा पूर्ण वाळली तर ठिबकने ती परत भिजत नाही. मिश्रण आकसून कुंडीपासून सुटतं, पाणी कडेने वाहतं. खूण अशी की बशी पाच मिनिटांत भरते, पण मधली माती दोन बोटांवर कोरडी भुकटी असते. अशी कुंडी टबात, कुंडीच्या काठाच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी घेऊन बुडवायची. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायची. अर्धा तास लागतो. त्यानंतरच ती पुन्हा ठिबकवर ठेवायची. कुंड्या बदलणं, मुळं छाटणं हे सगळं फेब्रुवारीतच उरकायचं. एप्रिलमध्ये मूळ दुखावलं तर ते पाणी ओढू शकत नाही, ठिबक कितीही नीट असली तरी.

आच्छादन पेटीत नसतं, पण त्यावाचून वरचा सगळा हिशेब चुकतो. मातीवर दोन ते तीन इंच थर हवा. सुकलेला पालापाचोळा उत्तम. पुण्यात आणखी एक सोय आहे: फेब्रुवारीपासून जागोजागी रसवंतिगृहं लागतात आणि उसाची चिपाडं ढिगाने पडलेली असतात. ती घ्या, मात्र ताजी पसरू नका. उरलेल्या गोडीमुळे मुंग्या लागतात आणि आंबूस वास सुटतो. पाण्यात एक दिवस भिजवायची, पाणी फेकायचं, दोन-तीन कडक उन्हं दाखवायची, मग कात्रीने बोटभर तुकडे करून पसरायची. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी. ड्रिपर आच्छादनाच्या खाली असावा, वर असला तर थेंब चिपाडातच मुरतो.

हिरवी जाळी ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या. दुकानात ७५ आणि ९० टक्क्यांचीही दाखवतात, पण तिच्याखाली भाजीपाला लांबट, फिकट होतो. मिरची, टोमॅटो, वांगी, पालेभाज्या यांना ५० पुरे. ७५ टक्क्यांची फक्त नेचे आणि सावलीतल्या शोभेच्या झाडांसाठी. मोगरा, बोगनवेल, जास्वंद, अडेनियम यांना जाळीच नको. मोगऱ्याला तर हेच ऊन हवं, जानेवारीअखेर छाटणी आणि खत झालेलं असेल तर मार्चपासून कळ्या धरतो. बोहरी आळीत जाळी मापाने कापून मिळते, सोबत तार आणि क्लिपही. कड दोनदा दुमडून मगच तारेला अडकवा, एकेरी कड वाऱ्याने उसवते.

जाळी कुठे हवी हे सूर्यावरून ठरतं. पुण्यात १३ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. म्हणजे गच्चीवर जाळी डोक्यावरच हवी, सात-आठ फुटांवर, खालून वारा खेळेल अशी. पानांच्या वर हातभर अंतरावर बांधलेली जाळी तापते आणि ती धग झाडालाच लागते. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात आतपर्यंत येणारं ऊन मेमध्ये कठड्याशीच थबकतं, तिथे जाळीचा खर्च करू नका. पश्चिमेच्या गॅलरीत मात्र तिसऱ्या प्रहरी भट्टी असते. तिथे जाळी उभी सोडा, पडद्यासारखी.

या तयारीवर काय लावायचं ते थोडक्यात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून गवार, भेंडी, चवळी, काकडी, दोडका, कारली, अंबाडी, तांदुळजा. पालक आणि कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर जातात, लावलीच तर जाळीखाली, थोडी थोडी. टोमॅटोला एप्रिलमध्ये फुलं येऊन गळाली तर पाणी वाढवू नका, ते उष्णतेमुळे होतं. अडेनियम, कोरफड, निवडुंग ठिबकच्या ओळीत घेऊ नका, त्यांना हे पाणी जास्त होतं.

तेव्हा घ्यायचं काय? दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गॅलरी, दहा-पंधरा कुंड्या: पेटी बेलाशक घ्या, फिल्टर तेवढा जास्तीचा लावा. गच्ची, वीसच्या वर कुंड्या: पेटी न घेता १६ मिमी लॅटरल, साधे ड्रिपर आणि मोटरचा टायमर सुटे घ्या. पेटी आधीच घेतलेली असेल तर बारीक नळी, टी आणि खुंटे वापरात येतात. टायमर शून्य बारचा नसेल तर तो गॅलरीत राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला द्या. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. कुंड्या फरशीपासून दोन इंच उंच स्टँडवर ठेवा, म्हणजे खाली ओल साचून गळतीला निमित्त होणार नाही.

एप्रिलअखेर आणि मेमध्ये वळीव येतो, आधी धुळीचा वारा, मग टपोरे थेंब, कधी गारा. जाळीच्या तीन बाजू पक्क्या आणि चौथी सरकगाठीने बांधलेली असू द्या, म्हणजे आभाळ दाटून आलं की एक दोरी ओढून जाळी गुंडाळता येते. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा फेरा टायमरवर बंद करा आणि बोट मातीत घालून बघा. नुसता शिडकावा झाला असेल तर वरचा इंच ओला आणि खालची माती कोरडी असते, अशा वेळी फेरा चालूच ठेवायचा.